सही तेवढी बाकी होती

हे लिहायला बसले आणि चहा करायला उठले, असं या महिन्यात तीनदा झालंय. आज चहा आधीच करून घेतलाय. म्हणजे उठायला कारण नको.

नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीला नाही. अमरावतीला माझी बहीण आहे, तिला मी दर रविवारी फोन करते आणि जवळजवळ सगळं सांगते—तिलाही नाही. विहारात ध्यानाला बसलं की डोळे मिटल्याबरोबर हेच समोर येतं, म्हणून हल्ली मी त्या वेळी मागे किचनमध्ये राहते, भाजी परतते, ताटं लावते. लोक म्हणतात, मनीषाताई किती करतात. मी कढईकडे वळते.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल. दुसरं कारण असलंच तर ते मला सापडलेलं नाही.

देवीदास काकांपासून सुरुवात करते. ते सोपं आहे. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं सगळं चांगलंच आहे.

आम्ही इलिनॉयला आलो तेव्हा मृण्मयी सात महिन्यांची होती. ज्या प्रोजेक्टसाठी राहुलला, माझ्या नवऱ्याला, इकडे बोलावलं होतं तो पुढे ढकलला गेला, आणि कंपनीने दिलेलं हॉटेल आठवड्याभरात सोडायचं होतं. ओळखीचं कुणी नाही. अशात कळलं की शॉमबर्गजवळ एका शाळेचा हॉल घेऊन आपल्या लोकांनी बाबासाहेबांची जयंती ठेवलीय. गेलो. दारात एक गृहस्थ सगळ्यांना नावाचे स्टिकर लावत होते. त्यांनी माझ्या हातातलं बाळ बघितलं, विचारलं, "कुठे उतरले तुम्ही?" आणि संध्याकाळी आमच्या चारही बॅगा त्यांच्या गाडीत होत्या. त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही पाच महिने राहिलो. शीलाकाकू रोज सकाळी मृण्मयीला पायांवर घेऊन तेल लावायच्या. मला जमायचं नाही, भीती वाटायची, तर म्हणायच्या, "तू चहा घे निवांत. हे माझं काम."

दोघं नागपूरचे. काका एका इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅमर होते. कुणाच्या गाडीला ठोकर लागली, कुणाच्या छपरावर गारा पडल्या, की भरपाई किती ते ठरवणारी एक जुनी सिस्टिम होती—इतकी जुनी की ती बनवणारे सगळे कधीच रिटायर झाले होते—आणि ती आतून ओळखणारा माणूस एकच उरला होता. ऑफिसात त्यांना 'देव' म्हणायचे, देवीदास पूर्ण म्हणणं कुणाला जमत नाही म्हणून. काका हसायचे. "आपण देव मानत नाही, आणि इथे मलाच देव करून ठेवलं यांनी."

मृण्मयी प्री-स्कूलला जायला लागल्यावर मला काम करावंसं वाटू लागलं. काका माझा रेझ्युमे घेऊन स्वतः मॅनेजरकडे गेले. त्याआधी कितीतरी शनिवार त्यांनी त्यांच्या डायनिंग टेबलावर मला ती सिस्टिम शिकवली, एकेक फाइल उघडून. काकू मध्येच पोहे आणून ठेवायच्या. मी लागले. टिकले. पुढे अकरा वर्षांनी मी त्याच टीमची लीड झाले, म्हणजे कागदोपत्री काकांची साहेब. तेव्हा माझ्या प्रमोशनचे पेढे ऑफिसात त्यांनी वाटले.

बघा, मी अजून मुद्द्यावर आलेले नाही. येते.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. आमच्या कंपनीत वारं बदललं. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. 'लेऑफ' हा शब्द कुणी वापरत नाही. मीटिंगा वाढतात, त्यातल्या निम्म्या ऐन वेळी कॅन्सल होतात. एखाद्याला मेल पाठवावा तर तो परत येतो, पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. आमचा चौथा मजला तेव्हा अर्धा रिकामा झाला होता. हालचाल नसली की तिथले दिवे आपोआप बंद होतात. दुपारी तीनला काम करता करता अंधार व्हायचा आणि काका खुर्चीत बसल्या बसल्या एक हात वर करून हलवायचे. दिवे लागायचे. पुन्हा कामाला.

मी मात्र थकले होते. काम फार होतं असं नाही. काम तर कमीच झालं होतं. पण सकाळी पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर दहा-दहा मिनिटं मी तशीच बसायचे, सीटबेल्ट न काढता. आज केलेलं उद्या कुणाच्या उपयोगाचं असेल का, तेच माहीत नसताना हात चालवायचे कसे? तुम्ही कसे चालवता? मी विचारलं असतं कुणाला तर बरं झालं असतं. उलट मलाच विचारायचे—कारण मी लीड होते, माझ्याखाली नऊ माणसं होती, आणि एच.आर.ने आम्हा लीड लोकांना तासाभराचं ट्रेनिंग देऊन सांगितलं होतं की अनिश्चित काळात टीमला मोटिव्हेटेड ठेवणं ही तुमची जबाबदारी.

मी ते मन लावून केलं. शुक्रवारी डोनट्स. मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाने आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची. कामाचे छोटे तुकडे पाडायचे, आजचा तुकडा आज संपवायचा, उद्याचा विचार उद्या. लोकांना याचा उपयोग झाला, असं त्यांनीच सांगितलं. आणि मला एक गोष्ट कळली, जी ट्रेनिंगमध्ये नव्हती. दुसऱ्याला धीर देत असताना आपण वाचलेल्यांच्या बाजूला उभे आहोत असं वाटतं. मला ते वाटणं आवडायला लागलं. त्याची सवय झाली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला साठीच्या आसपासच्या सगळ्यांना एक पत्र आलं. स्वखुशीने निघणाऱ्यांसाठी पॅकेज. काकांना त्यात सगळ्यात महत्त्वाचं होतं ते हे की त्यांना पासष्ट पूर्ण होऊन सरकारी विमा लागू होईपर्यंत दोघांचा हेल्थ इन्शुरन्स कंपनी चालू ठेवणार होती. काकूंना संधिवात आहे, साधा नाही, बोटं वाकवून टाकणारा. एका इंजेक्शनवर त्यांचं सगळं व्यवस्थित चाललं होतं आणि ते इंजेक्शन कंपनीच्या विम्यातून मिळायचं. काका तेव्हा एकसष्टचे. निर्णय ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पाचच्या आत कळवायचा होता.

त्याच आठवड्यात माझ्या मॅनेजरने, ग्रेगने, मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ग्रेग वाईट माणूस नाही. त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो म्हणाला, जुनी सिस्टिम डिसेंबरअखेर बंद होतेय, सगळं नव्यावर जाणार. देवशिवाय ते होणार नाही. जानेवारीनंतर देवची जागा नाही. त्याने आत्ता पॅकेज घेतलं तर तो नोव्हेंबरमध्ये जाईल, काम अडकेल, आणि काम अडकलं तर तुझी टीम मला वाचवता येणार नाही. तुझं नाव तर नाहीच नाही. मग म्हणाला, यातलं काहीही तू त्याला सांगू शकत नाहीस, तुला कळतंय ना? फक्त त्याला एंगेज्ड ठेव.

मी मान हलवली.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण तुमच्या मनात ती येईल. आम्ही अडलेले नव्हतो. राहुल एका हॉस्पिटलच्या फार्मसीत होता, त्याची नोकरी पक्की. आमचा विमा त्याच्याकडून होता. व्हिसाची टांगती तलवार कधीच गेली होती, आम्ही सिटिझन झालो होतो. माझी नोकरी गेली असती तर मी काही महिने घरी बसले असते, मग दुसरी शोधली असती. मृण्मयीचं कॉलेज अडलं नसतं. मग मी कशाला घाबरत होते? आजवर मी याच प्रश्नाशी येऊन थांबत आलेय. मला वाटतं, मला 'तुझी गरज नाही' असं ऐकायचं नव्हतं. एवढंच. त्यासाठी मी काय केलं ते पुढे.

या गोष्टीचं एक रूप मी बरीच वर्षं—वर्षं कसली, दोनच—स्वतःला सांगत आले. त्यात मी गप्प राहते. मला माहीत असतं, पण नियमाने हात बांधलेले असतात, म्हणून मी काकांना काही सांगत नाही, आणि काका आपल्या मनाने राहायचं ठरवतात. हे रूप वाईट नाही. यात माझा दोष आहे, पण ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही समजेल एवढाच.

ते खोटं आहे. मी गप्प राहिले नाही.

तो शेवटचा शुक्रवार. जेवण झाल्यावर काका माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ." आमच्या इमारतीमागे एक छोटं तळं आहे, खोदून केलेलं, कडेने पायवाट. ऑक्टोबरात तिथे बदकासारखे मोठे रानहंस उतरलेले असतात आणि वाटभर घाण करून ठेवतात. काका खाली बघत, पाय जपून टाकत चालत होते. हवा बोचरी होती. त्यांनी कानटोपी घातली होती, काकूंनी विणलेली.

अर्धी फेरी होईपर्यंत ते नागपूरच्या कुणा भाच्याच्या लग्नाबद्दल बोलत राहिले. मग थांबले.

"मनीषा, एक विचारू? तू उत्तर नाही दिलं तरी चालेल."

"विचारा ना काका."

"हे पॅकेज. शीला म्हणते, घेऊन टाका. तिला भीती वाटून राहिली. मला वाटते, अजून तीन-चार वर्षं सहज होतील. काम करायची ताकद आहे. पण तुला आतलं जास्त माहीत. तुला काय वाटते? मी तुला लीड म्हणून नाही विचारत. घरचं माणूस म्हणून विचारतो."

उत्तर नाही दिलं तरी चालेल, असं ते म्हणाले होते. हे मी किती वेळा आठवलंय तुम्हाला काय सांगू. मी फक्त "काका, मला बोलता येत नाही" एवढं म्हटलं असतं, तरी त्या माणसाला सगळं कळलं असतं. तीस वर्षं नोकरी केलेली त्यांनी. माझा चेहरा बघून ते वर गेले असते आणि सही करून मोकळे झाले असते. यात कुठला नियम मोडला नसता.

मी म्हणाले, "काका, तुम्हाला कोण काढणार? तुमच्याशिवाय ती सिस्टिम एक दिवस चालायची नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना अजून काहीतरी हवं होतं. आणि मी ते दिलं. मी म्हणाले, "ग्रेग परवाच म्हणत होता, नवीन सिस्टिम आली की तिच्या सपोर्टवर देवलाच बसवायचं, रिटायर होईपर्यंत. अजून अनाऊन्स केलेलं नाही, तुम्ही कुणाला बोलू नका."

ग्रेग असं काही म्हणाला नव्हता. हे वाक्य मी तिथे उभ्या उभ्या तयार केलं. 'कुणाला बोलू नका' हेसुद्धा—ते तर मला इतकं सहज सुचलं की अजून त्याचं नवल वाटतं. खोटं पक्कं कसं करायचं हे मला कुणी शिकवलं होतं?

काकांचा चेहरा सैल झाला. खरंच सैल झाला, जबड्यापासून. म्हणाले, "बरं झालं तुला विचारलं. फॉर्म भरूनच ठेवला होता मी. सही तेवढी बाकी होती." मग खिशातून फोन काढून त्यांनी काकूंना तिथूनच कॉल लावला. "शीला, मनीषाशी बोललो. काही काळजी नाही." पलीकडून काकू काय म्हणाल्या मला ऐकू आलं नाही. काका म्हणाले, "हो, हो, तिनेच सांगितलं."

आम्ही फेरी पूर्ण केली. मी एका मीटिंगला गेले आणि तिथे चांगली बोलले. पाच वाजता मी काकांच्या खुर्चीकडे नजर टाकली. ते मान खाली घालून काम करत होते. पाच वाजून दहा मिनिटांनी मी माझी बॅग भरली.

त्यानंतरचे दोन महिने काकांनी जसं काम केलं तसं मी कुणालाही करताना बघितलेलं नाही. सात वाजता ऑफिसात. जुन्या सिस्टिममधली प्रत्येक खाच, प्रत्येक आडवळण त्यांनी लिहून काढलं. हा नियम असा का, कुठल्या वादळानंतर तो टाकला होता, कुठल्या राज्यात तो चालत नाही. टीममधल्या दोन नव्या मुलींना शेजारी बसवून शिकवलं, जसं मला शिकवलं होतं तसंच, न रागावता. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात सगळे सुटीवर होते तर हे एकटेच त्या अंधाऱ्या मजल्यावर हात हलवत बसलेले. मी त्यांना 'कुडोज', म्हणजे शाबासकीचे मेसेज, पाठवायचे, सगळ्यांना दिसेल असे. डिसेंबरात टीमतर्फे एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. ते घेऊन त्यांनी फोटो काढून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

आणि खरं सांगू? मला त्यांचा राग यायचा. इतके खूश का असतात हे? एकदाही शंका कशी येत नाही? त्यांनी एकदा जरी संशयाने बघितलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. एकदा मी त्यांच्यावर सगळ्यांसमोर चिडलेसुद्धा, एका फालतू तारखेवरून. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी काकूंनी दिलेला डबा टेबलावर ठेवला होता. बेसनाच्या वड्या. त्यांना वाटलं, मला कामाचा ताण आलाय.

डिसेंबरअखेर सिस्टिम बदलली. एकही क्लेम अडला नाही. ग्रेगला वरून शाबासकी मिळाली, ग्रेगकडून मला.

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी दहाला काकांना पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलचं आमंत्रण आलं. तो कॉल कशाचा आहे ते मला आदल्या गुरुवारपासून माहीत होतं. मी त्या दिवशी घरून काम केलं. कारण दिलं की घराचा हीटर बघायला माणूस येणार आहे. कोणी येणार नव्हतं. बाहेर बर्फ पडत होता, त्यामुळे काकाही घरूनच काम करत होते. मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि घड्याळाकडे बघत नव्हते, म्हणजे दुसरं काही बघतच नव्हते.

साडेदहाला त्यांचा फोन आला. मी वाजू दिला. पुन्हा आला, वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

"अगं, मला काढलं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पंधरा मिनिटं म्हणाले होते, सहा मिनिटांत संपवलं. लॅपटॉप बंद पडला मग आपोआप." तिकडे काकू काहीतरी विचारत होत्या. मग काका म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको हं. तुलाही माहीत नसेल. वरच्या लोकांनी केलं हे. ग्रेगलाही शेवटपर्यंत अंधारात ठेवलं असेल."

नोकरी त्यांची गेली होती आणि समजूत ते माझी घालत होते. आणि वर मला हवं ते उत्तर त्यांनी स्वतःच तयार करून हातात दिलं. मी घेतलं. म्हणाले, "हो काका. मलाही धक्काच बसलाय."

हे दुसरं खोटं. मला पहिल्यापेक्षा याचीच जास्त लाज वाटते. पहिल्या वेळी मी निदान घाबरलेली तरी होते.

पॅकेजमधलं काहीच त्यांना मिळालं नाही. तो दरवाजा ऑक्टोबरातच बंद झाला होता. विमा तीन महिन्यांत संपला. त्यांनी दुसरा घेतला, पण त्या कंपनीचं म्हणणं पडलं की ते महागाचं इंजेक्शन एकदम देता येणार नाही, आधी साधी औषधं वापरून बघा, ती लागू पडली नाहीत तर अर्ज करा. ती लागू पडणार नाहीत हे काकूंच्या डॉक्टरला माहीत होतं, काकूंना माहीत होतं. तरी वापरून बघावी लागली. त्यात सात महिने गेले. मी एकदा भेटायला गेले तेव्हा काकूंना चहाचा कप एका हाताने उचलता येत नव्हता. दोन्ही तळव्यांत धरून त्या तो तोंडाशी नेत होत्या. पुढे इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. दुखणं कमी झालं. उजव्या हाताची बोटं वाकली ती वाकलीच.

काका एकसष्ट वर्षांचे, आयुष्य गेलं जुन्या सिस्टिमवर. अर्ज केले, इंटरव्ह्यू दोन आले, पुढे काही झालं नाही. मग ते घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर लागले. लोक रंगाचा नमुना आणतात, मशीनवर त्यात थेंब थेंब मिसळून तोच रंग काढून द्यायचा. मी गेले होते एकदा, त्यांनी बोलावलं म्हणून. अंगात दुकानाचा एप्रन, नावाची पट्टी. मला सगळं समजावून सांगितलं. "हेही प्रोग्रामिंगच आहे. इनपुट बरोबर तर आउटपुट बरोबर." मी एक डबा विकत घेतला. तो गराजमध्ये आहे, उघडलेला नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमाला त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. तशाच एका शाळेच्या हॉलमध्ये, तीनशेक माणसं. काका शिक्षणाबद्दल बोलले, एकमेकांना वर ओढण्याबद्दल बोलले. मग म्हणाले, मागचं वर्ष आम्हाला कठीण गेलं, नोकरी गेली, पण त्या काळात आपलं माणूस काय असतं ते समजलं. आणि त्यांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, "ही पोरगी शेवटपर्यंत माझ्यासाठी झगडली. मला माहीत आहे. ती सांगणार नाही, पण मला माहीत आहे."

टाळ्या वाजल्या. लोक वळून बघायला लागले. मला उभं राहावं लागलं. मी हात जोडले.

मृण्मयी शेजारी बसली होती, कॉलेजातून आलेली. ती माझ्या कानाशी आली, म्हणाली, "आई, यू नेव्हर टोल्ड अस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. राहुलने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली बसले. नंतर जेवणाच्या रांगेत किमान दहा जणांनी येऊन सांगितलं की अशी माणसं हवीत कंपन्यांमध्ये. त्या दहातल्या एकालाही मी 'तसं नाहीये' म्हटलं नाही. जेवले. गुलाबजाम दोन घेतले.

तेव्हा सांगायला हवं होतं का? स्टेजवर जाऊन? घरी येऊन राहुलला? की दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात जाऊन? प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर माझंच ओझं उतरेल, त्यांच्या वाट्याला काय येईल? एका माणसावरचा विश्वास होता, तोही जाईल. हे मी त्यांच्या काळजीने म्हणते असं मला बराच काळ वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात काका-काकू घर विकून टेक्सासला गेले, शुगर लँडला, मुलाकडे. काकूंना तिथली उष्ण हवा मानवते म्हणे. काका महिन्यातून एकदा फोन करतात. मी त्याच कंपनीत आहे. ग्रेग गेला, त्याच्या जागी आता मी आहे.

तीन आठवड्यांपूर्वी काकांचा फोन आला. त्यांची सून पल्लवी तिकडे एका तेल कंपनीत इंजिनिअर आहे, तिच्याकडे आता लेऑफचं चाललंय. सकाळी उठून कामावर जावंसंच वाटत नाही म्हणते, काका सांगत होते. जेवत नाही नीट. "मी तिला म्हटलं, मनीषाताईशी बोल. ती गोड बोलणार नाही, खरं ते सांगेल."

पल्लवीने दुसऱ्याच दिवशी फोन केला, लंच टाइममध्ये. बिचारी रडवेली झाली होती. मला म्हणाली, "ताई, मन लागत नाही यार. जे करतेय ते कशासाठी करतेय तेच कळत नाही. तुम्ही कसं केलं त्या वेळी?"

मी तिला चाळीस मिनिटं दिली. कामाचे छोटे तुकडे पाड म्हटलं. अफवा ऐकायला दिवसातून एकच वेळ ठेव. बाहेर अर्ज करत राहा, त्याने इथली भीती कमी होते. नोकरी म्हणजे तू नाहीस. जेव वेळेवर. सगळं बरोबर होतं त्यातलं. माझा आवाजही शांत होता. तिने शेवटी मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "बाबा म्हणाले तसंच आहे. तुमच्याशी बोलून बरं वाटलं."

त्या दिवसापासून हे लिहायला बसतेय.

पल्लवीला मी काही सांगितलं नाही. काकांनाही सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं इथे लिहीत नाही, कारण ते खरं ठरेल याची मला खात्री नाही. त्या शुक्रवारी तळ्याकाठी त्यांनी मला घरचं माणूस म्हणून विचारलं. मला माहीत होतं. ते निघाले होते, आणि मी त्यांना जाऊ दिलं नाही.